दीर्घसूत्री आणि चिरकारी

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणे सांगितली आहेत. अठ्ठाविसाव्या श्लोकातील ती यादी आम्ही लहानपणी पाठ केली. परंतु पाठ केलेल्या बहुतेक गोष्टींचे होते तेच तिचे झाले. ती जिभेवर राहिली, मनात उतरली नाही. अयुक्त, प्राकृत, स्तब्ध, शठ, नैष्कृतिक, अलस, विषादी अशा पायऱ्या उतरत ती यादी शेवटी ‘दीर्घसूत्री’ या शब्दाशी येऊन थांबते. आद्य शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात या शब्दाचा जो अर्थ दिला आहे तो मोठा व्यवहारातला आहे. जे काम आज किंवा उद्या व्हावयाचे, ते जो महिन्यानेही करीत नाही, तो दीर्घसूत्री. हे भाष्य अलीकडे पुन्हा वाचनात आले, तेव्हा आम्हांस आमच्या कचेरीतील मेजाचा डावीकडचा खण आठवला. तो का आठवला हे पुढे येईलच.

या यादीत लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, अलस आणि दीर्घसूत्री ही दोन लक्षणे वेगवेगळी मोजली आहेत. लोकव्यवहारात आपण दोन्हींना एकाच मापाने मोजतो. काम लांबणीवर टाकणारा तो आळशी, असे म्हणून आपण मोकळे होतो, आणि उपाय म्हणून त्याला चार बोल सुनावतो. ‘कल’ करावयाचे ते आजच करावे, या अर्थाचा कबीराच्या नावावरचा दोहा आम्ही शाळेच्या भिंतीवर रोज वाचीत असू. पण भिंत वाचून कोणाची चालढकल थांबल्याचे आमच्या पाहण्यात नाही. (आमच्या इंदुरात तर हिंदीतील ‘कल’ हा शब्द गेलेल्या दिवसासही चालतो आणि येणाऱ्या दिवसासही. ‘कल हो जाएगा’ असे कोणी म्हटले म्हणजे मराठी मनुष्यास उगीचच शंका येते.) आळशी मनुष्य काहीच करीत नाही. दीर्घसूत्री मनुष्य पुष्कळ काही करतो. एक ते काम तेवढे सोडून! योगसूत्रांतही चित्ताच्या विक्षेपांमध्ये स्त्यान आणि आलस्य हे दोन निरनिराळे अंतराय सांगितले आहेत. शरीराचे व चित्ताचे जडत्व निराळे आणि मनाची त्या कामापुरती अकर्मण्यता निराळी, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

आता त्या खणाविषयी. आम्ही एका संस्थेच्या कचेरीत लेखनिकाचे काम करतो. गेल्या अक्षय तृतीयेच्या आठवड्यात एका दिवंगत सेवकाच्या पत्नीचा कुटुंब-निवृत्तिवेतनासाठीचा अर्ज आमच्याकडे आला. कागद सर्व होते. फक्त आडनावाचा घोळ होता. जुन्या मराठी दाखल्यावर आडनावात ‘ळ’ होता, नोकरीच्या हिंदी नोंदवहीत त्याचा ‘ल’ झाला होता, आणि संगणकातील इंग्रजी नोंदीत कोणी तरी त्याचा ‘ड’ ऐकून तसाच टिपला होता. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या लोकांना हा ‘ळ’चा वनवास ठाऊकच आहे. करावयाचे होते ते एवढेच, की मुख्य कचेरीस एक दुरुस्तीपत्र लिहावयाचे आणि सोबत दाखल्याची प्रत जोडावयाची.

ते पत्र आम्ही साडेचार महिने लिहिले नाही.

त्या काळात आम्ही रिकामे बसलो होतो काय? मुळीच नाही. दहा वर्षांच्या धारिका अनुक्रमाने लावल्या. दुसऱ्यांच्या मेजावरची पत्रे आपण होऊन लिहून दिली. आमच्या तत्परतेची वरिष्ठांनी एकदा चारचौघांत वाखाणणीही केली, आणि ती ऐकताना आमची दृष्टी डावीकडच्या खणाकडे गेली. खरी गोष्ट अशी की, ती ‘ड’ची नोंद आमच्याच हातची असावी असा आम्हांस संशय होता. संगणकात नावे चढविण्याचे काम काही दिवस आमच्याकडे होते. मराठी मनुष्य असून, त्यातून पुजाऱ्याच्या घरचा असून, रोज देवळात ज्या घराण्याचा अभिषेक होतो त्या घराण्याचे आडनाव आम्ही चुकीचे लिहिले असेल, तर ते उघडकीस येऊ नये, एवढ्यासाठी आम्ही तो खणच उघडीत नव्हतो. रोज सकाळी मनाशी म्हणत असू की, उद्या शांतपणे पाहू. ‘शांतपणे’ हा शब्द त्यात अवश्य असे.

गीतेच्या यादीत दीर्घसूत्री या शब्दाचा शेजारी कोण आहे, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले असते तर! तो शेजारी ‘विषादी’ आहे. अर्जुनाचे धनुष्य हातातून गळाले ते आळसाने नव्हे, विषादाने. आधुनिक मानसशास्त्रही निराळ्या वाटेने येथेच आले आहे. फ्यूशिया सिरवा आणि टिमथी पिचिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली असे प्रतिपादन केले की, चालढकल करणारा मनुष्य वास्तविक काम टाळीत नसून त्या कामासरशी मनात उठणारी अप्रिय भावना टाळीत असतो. घटकाभर बरे वाटावे म्हणून तो उद्याच्या स्वतःवर ओझे टाकतो. यात आम्ही आमच्या अनुभवाने एक भर घालू इच्छितो. ते ओझे पुष्कळदा उद्याच्या स्वतःवर पडतच नाही. ते दुसऱ्याच कोणावर तरी पडते.

त्या बाई दर सोमवारी कचेरीत येत. आम्ही त्यांना काकू म्हणतो. “वरून उत्तर यायचे आहे, काकू,” असे आम्ही सांगत असू. पत्रच गेले नव्हते, तर उत्तर कोठून यावे? त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या म्हणत, “घाई नाही रे बाळा. गुरुजींच्या मुलाकडे कागद आहेत म्हटल्यावर मी निश्चिंत आहे.” आणि हातावर प्रसादाची पुडी ठेवून जात. पुढे पुढे आम्ही संध्याकाळच्या आरतीसही जाईनासे झालो, कारण त्या वेळी काकू सभामंडपाच्या ओट्यावर वाती वळीत बसलेल्या असत. एके रात्री जेवताना बाबांनी विचारले, “हल्ली आरतीला दिसत नाहीस?”

“कचेरीत काम फार आहे, बाबा.”

“फार आहे, की एकच आहे?” एवढे विचारून ते पुन्हा जेवू लागले.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही खण उघडला. पत्र लिहावयास वीस मिनिटे लागली. नवव्या दिवशी मुख्य कचेरीची मान्यता आली. आणि ती नोंद कोणी केली होती? आम्ही नोकरीस लागण्यापूर्वी आठ वर्षे ती झालेली होती. साडेचार महिने ज्या चुकीला आम्ही भीत होतो ती आमची नव्हतीच. आमची जी चूक होती ती त्या भयाने घडविलेली होती. दरम्यान जून महिन्यात नातवाच्या शाळेच्या शुल्कासाठी काकूंनी आपल्या हातच्या पाटल्या मोडल्या होत्या. हे आम्हांस त्यांच्याकडून नव्हे, तिऱ्हाइताकडून कळले.

येथे एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि त्याचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. विलंब हा दोषच, असे शास्त्र तरी सरसकट कोठे म्हणते? महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिरास दोन कथा सांगतात. एक तीन मत्स्यांची. डबके आटविण्यास कोळी आले आहेत हे पाहून पहिला दूरदर्शी मत्स्य वेळीच प्रवाहाने निघून जातो, दुसरा समयसूचक मत्स्य दोरीत ओवल्याचे सोंग करून ऐन वेळी निसटतो, तिसरा मरतो. त्या तिसऱ्याचे नावच दीर्घसूत्र. दुसरी कथा गौतमपुत्र चिरकारीची. पत्नीवर क्रुद्ध झालेला गौतम मुलास तिचा वध करण्याची आज्ञा देऊन वनात निघून जातो. चिरकारी हा प्रत्येक गोष्टीचा फार वेळ विचार करणारा. लोक त्यास आळशी व मंद म्हणत. पित्याची आज्ञा हा धर्म, मातेचे रक्षण हाही धर्म, असा विचार करीत तो शस्त्र हाती घेऊन कितीतरी वेळ उभा राहतो. इकडे गौतमास पश्चात्ताप होतो, तो रडत धावत येतो, आणि पत्नी जिवंत पाहून मुलाच्या त्या विलंबालाच धन्यवाद देतो. एकाच पर्वात, एकाच वक्त्याच्या मुखाने, एका विलंबाची निंदा आणि एकाची स्तुती!

आणि गंमत अशी की, दीर्घसूत्र मत्स्याचे बोलणे ऐकावयास काही वाईट नाही. मित्राने धोक्याची सूचना दिली तेव्हा तो म्हणतो, तुझे म्हणणे ठीक आहे, पण घाई करू नये असे माझे मत आहे. हे वाक्य चिरकारीच्या तोंडीही शोभले असते. प्रत्येक चालढकल करणारा स्वतःस चिरकारीच समजतो. आम्हीही समजत होतो. ‘शांतपणे पाहू’ हे आमचे वाक्य त्याच जातीचे.

मग भेद कोठे आहे? आमच्या अल्पमतीप्रमाणे तो दोन ठिकाणी दिसतो. चिरकारी ज्या कृत्याला विलंब लावीत होता ते एकदा केले की परत घेता येणारे नव्हते. उलट तिसऱ्या मत्स्याच्या बाबतीत विलंबच परत न घेता येणारा होता. दुसरे असे की, चिरकारी तो सर्व वेळ त्याच प्रश्नाकडे तोंड करून उभा होता. शस्त्र त्याच्या हातात होते, माता समोर होती, आणि विचार चालला होता तो तिचाच. आम्ही साडेचार महिन्यांत त्या अर्जाचा साडेचार मिनिटेही विचार केला नाही. आमचा विलंब हा विचारासाठी घेतलेला अवधी नव्हता, तर विचार करावा लागू नये म्हणून केलेली योजना होती.

सगळाच विलंब एका मनुष्याच्या पदरी टाकता येत नाही, हेही खरे. आमच्या शहरातील हुकुमचंद मिल १९९० नंतरच्या काही वर्षांतच बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्याचा प्रश्न २०२३ च्या डिसेंबरात मार्गी लागला. तीस वर्षांहून अधिक काळ! कामगार सुमारे ४८०० होते; त्यांतील कित्येकांच्या वाटचे पैसे वारसांनी घेतले. तेथे न्यायालये होती, कर्जे होती, जमिनीचा प्रश्न होता. परंतु वाट पाहणाऱ्याच्या घरी ही कारणे पोहोचत नाहीत. तेथे फक्त दिवस पोहोचतात. आमच्याकडे तर कारणही नव्हते.

उपायाचा विचार करताना आम्हांस बाहेर फार हिंडावे लागले नाही. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली दाखवून दिले की, ‘मी अमुक करीन’ एवढा निश्चय दुबळा ठरतो. ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी मी अमुक करीन’ असा निश्चय केल्यास तो पुष्कळ अधिक प्रमाणात पार पडतो. हे वाचून आम्हांस हसू आले. बाबा रोज पूजेपूर्वी दुसरे काय करतात? संकल्पात संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र हे सारे उच्चारावयाचे. स्थळ म्हणून आमच्याकडे नर्मदेच्या उत्तर तीराचा उल्लेख करावयाचा. मग आपले गोत्र व नाव, मग कर्म, आणि ताम्हनात पाणी सोडावयाचे. ‘सवडीने पूजा करीन’ असा संकल्प कोणी केल्याचे ऐकिवात नाही. (मराठीत ‘पाणी सोडणे’ याचा अर्थ आशा सोडणे असाही होतो, याचे आम्हांस कोडे पडे, बाबा म्हणाले, तो दानाच्या पाण्यावरून आला, तेथेही दिलेले परत घेता येत नाही.) संध्यावंदनाचेही तेच. ते मनाच्या उभारीला बांधलेले नसून सूर्याला बांधलेले आहे. त्यातही मनुष्यस्वभावाची जाण किती! वेळ टळली म्हणून संध्या सोडावी असे नाही. कालातिक्रमाबद्दल एक अर्घ्य अधिक द्यावे आणि कर्म करावे.

तेव्हापासून आम्ही कचेरीत एक क्रम ठेवला आहे. सकाळी मेजाशी बसताच, संगणक सुरू करण्यापूर्वी, ज्या कागदाकडे पाहवत नाही तो वर काढावयाचा आणि त्यावर त्या दिवशीची वेळ लिहावयाची. नेहमी साधतेच असे नाही. गेल्या पंधरवड्यात दोनदा तो क्रम मोडला. परंतु डावीकडच्या खणात आता टाचण्या आणि शाईची बाटली आहे.

एक काम मात्र अद्याप राहिले आहे. काकूंचे निवृत्तिवेतन सुरू झाले, मागील थकबाकीही मिळाली. पण पाटल्या परत आल्या नाहीत, आणि ते कागद कोठे पडून होते हे आम्ही त्यांना अजून सांगितलेले नाही. त्या समजतात की विलंब वरून झाला. मध्यंतरी त्यांनी आमच्यासाठी पुरणपोळ्या पाठविल्या, त्याही आम्ही खाल्ल्या. हे पत्रक समाजाच्या घराघरांत जाते आणि काकू ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. हा लेख शुक्रवारी छापखान्यात जावयाचा आहे. म्हणून येत्या गुरुवारी, संध्याकाळच्या आरतीनंतर, सभामंडपाच्या पूर्वेकडील ओट्यावर त्या वाती वळीत बसतील तेथे जाऊन आम्ही त्यांना सर्व सांगणार आहोत. बाबांना तसे कळविले आहे. काकूंनी नको म्हटले तर हा लेख छापू नये, असे संपादकांसही लिहून दिले आहे.