राखण गावाची, राखण मनाची





आजचा संदेश थोडा लांब आहे. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर घरातल्या कोणी एकाने तो मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा, ही विनंती. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना जवळ बसवून वाचावा. विषय त्यांच्याही कामाचा आहे.

विषय आहे ग्रामरक्षणाचा.

वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत 41 अध्याय आहेत आणि त्यात ग्रामरक्षणाला स्वतंत्र अध्याय दिला आहे. नवीन माणसाला प्रश्न पडतो की देवाधर्माच्या ग्रंथात राखणदारीचं काय काम? पण महाराजांनी गावालाच देव मानलं. देवळाची राखण करणं ही जशी सेवा, तशीच गावाची राखण करणं हीसुद्धा सेवाच. पहाटे ध्यान करायचं, संध्याकाळी प्रार्थना करायची आणि शेजारचं घर लुटलं जात असताना आपलं दार लावून बसायचं, ही काही गुरुदेवांची शिकवण नाही.

आपल्या लांजीला राखण नवीन नाही. किल्ल्याच्या भिंती आणि बुरूज आजही आपल्यासमोर आहेत आणि आत लंजकाई माय बसली आहे. ज्यांनी त्या भिंती बांधल्या त्यांचा शत्रू बाहेरून येणारा होता. आपल्या पिढीने दुसरी भीती पाहिली. जंगलाकडच्या गावांत अंधार पडला की लोक धास्तावून घरात बसत. डिसेंबर 2025 मध्ये आपलं राज्य नक्षलमुक्त झाल्याचं सरकारने जाहीर केलं, तेव्हा किती आयांनी देवापुढे दिवा लावला असेल!

पण या सगळ्याच्या मधल्या काळात एक तिसराच चोर येऊन गेला. तो भिंत चढून आला नाही, बंदूक घेऊनही आला नाही. तो ओळखीच्या माणसाबरोबर, बाहेर चप्पल काढून, आपल्या ओसरीवर येऊन बसला. आपणच त्याला चहा दिला.

आपण कशाबद्दल बोलतोय ते लांजी-किरनापूर भागातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. 'डबल मनी'. मे 2022 मध्ये आपल्याच तहसिलीतल्या बोलेगावच्या प्रकरणात पोलिसांनी 11 जणांना पकडलं आणि सुमारे 10 कोटी रुपयांची रोकड जप्त केली. थोड्या दिवसांत पैसे दुप्पट करून देतो, असा तो व्यवहार होता. कोण दोषी, कोण निर्दोष, ते न्यायालय ठरवेल. आपण इथे कोणाचं नाव घेत नाही आणि गटातही कोणी घेऊ नये. आपल्याला त्यातून शिकायचं काय, एवढंच पाहायचं आहे.

आधी साधा हिशेब मांडू. लेकरांनाही वही घेऊन बसू द्या.

समजा पहिल्या खेपेला 100 माणसांनी 10 हजार रुपये दिले. झाले 10 लाख. त्यांना दुप्पट द्यायचे तर लागतात 20 लाख. धंदा काही नाही, कारखाना नाही, शेत नाही. मग ते येणार कुठून? 200 नव्या माणसांच्या खिशातून. त्या 200 ना दुप्पट द्यायला 400 नवी माणसं पाहिजेत. त्यांना द्यायला 800. असं मोजत गेलं तर दहाव्या खेपेला 51,200 नवी माणसं लागतात. लांजीतली तान्ही लेकरं मोजली तरी तेवढी भरायची नाहीत! म्हणजे चालवणाऱ्याचं मन कितीही चांगलं असलं तरी शेवटची माणसं बुडणारच. हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. पोस्टाच्या किसान विकास पत्रात सरकारच्या हमीने पैसा दुप्पट होतो. एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दराने त्याला 115 महिने लागतात. साडेनऊ वर्षांहून जास्त! भारत सरकारला ज्या कामाला इतकी वर्षं लागतात ते कोणी चार-सहा महिन्यांत करून दाखवत असेल, तर तो दुसऱ्याच्या ताटातलं काढून आपल्या ताटात वाढतोय, एवढं समजून घ्यावं.

इथपर्यंत सगळे मान डोलावतील आणि म्हणतील, "लोक लोभी झाले, म्हणून बुडाले." गुरुबंधूंनो, इथे जरा थांबावं. हे म्हणणं सोपं आहे, पण पूर्ण खरं नाही.

पैसे टाकले कोणी? कोणी धान विकून आलेले टाकले. कोणी पोरीच्या लग्नासाठी जपून ठेवलेले. कोणाचा पोरगा हैदराबादला, नागपूरला कामाला जातो, त्याने पाठवलेले. यात लोभापेक्षा गरज जास्त होती आणि गरजेपेक्षा विश्वास जास्त होता. पहिल्या खेपेच्या माणसाला दुप्पट पैसे खरोखर मिळाले होते. त्याने साळ्याला सांगितलं ते खोटं नव्हतं. साळ्याने मामाला सांगितलं. चोराने आपल्या लोभाला हात घातला हे खरंच, पण शिडी लावली ती आपल्या नात्यागोत्याला.

म्हणून विश्वास आणि श्रद्धा यातला फरक समजून घेतला पाहिजे. महाराज खंजिरी घेऊन गावोगाव फिरले आणि भोळसटपणावर, बुवाबाजीवर भजनातून प्रहार करत राहिले. डोळे मिटून कोणाच्याही मागे जा, असं त्यांनी कधी सांगितलं नाही. माणूस चांगला आहे, म्हणून त्याची योजनाही चांगली, असं होत नाही. आपला भाऊ खरं बोलतो, पण भावाला ज्याने सांगितलं तो खरं बोलतो का? हे विचारलं तर भावाचा अपमान होत नाही. विचारलं नाही तर भाऊही बुडतो आणि आपणही.

आणि कान देऊन ऐका, 'जय गुरु' म्हणणारा प्रत्येक फोन गुरुबंधूचाच असेल असं नाही. सत्संगाची ओळख हीसुद्धा चोराला शिडी म्हणून चालते.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. पैसे गेल्यानंतर घराघरांत काय झालं? आम्ही सेविका प्रार्थनेला बोलवायला घरोघरी जातो तेव्हा दिसतं. एक ताई आधी रोज प्रार्थनेला येत, पुढच्या रांगेत बसत. मग येणं कमी झालं. आल्या तर मागे, दाराजवळ बसत. कितीतरी दिवसांनी एकदा भांडी घासता घासता बोलल्या की माहेरचं सोनं गहाण ठेवून पैसे टाकले होते आणि घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही. सोनं गेलं त्यापेक्षा जास्त त्यांना ते लपवणं जाळत होतं. त्या दिवशी आम्ही काही उपदेश केला नाही. भांडी विसळू लागलो. पुढे त्यांनी घरी सांगितलं. दोन दिवस घरात चूल पेटली पण कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने स्वतःच गहाणाची पावती मागितली आणि कधी किती फेडायचं ते बसून लिहून काढलं. आता ताई पुन्हा पुढे बसतात.

अशा किती ताई आणि किती भाऊ अजून दाराजवळ बसलेले असतील! लाज चोराला वाटली पाहिजे, ती लुटलेल्याच्या गळ्यात आपण घातली. "इतकं शिकलेले असून फसले?" हा टोमणा मारणारा माणूस नकळत चोराचीच चाकरी करतो, कारण टोमण्याच्या भीतीने पुढचा फसलेला माणूस तोंड उघडत नाही.

आणि ज्यांनी दुसऱ्यांना आणलं त्यांचं काय? कायद्याची गोष्ट स्पष्ट आहे. 2019 च्या कायद्याने नोंदणी नसलेली ठेव योजना चालवायला बंदी आहे आणि तिचा प्रचार करायलाही. पण बरेच जण असे होते, ज्यांनी आधी आपले टाकले, मग सख्ख्यांचे टाकायला लावले आणि सगळ्यांबरोबर बुडाले. आज त्या घरांत भाऊ भावाच्या मुलीच्या लग्नाला जात नाही. जाणून फसवलं त्याला कायदा आहे. न कळता आणलं त्याने हात जोडून "माझ्यामुळे तुमचं गेलं" असं म्हणावं आणि समोरच्याने ते ऐकून घ्यावं. पैसा परत येईल की नाही सांगता येत नाही. भाऊ परत आणणं आपल्या हातात आहे.

'डबल मनी' आता जुनी गोष्ट झाली असं समजू नका. चोर तोच आहे, त्याने कपडे बदललेत. आता तो मोबाईलमधून येतो. पोलिसाच्या वर्दीत व्हिडिओ कॉल करतो आणि "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका" म्हणतो. अशी अटक कायद्यातच नाही! पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं. कधी तो लग्नपत्रिकेच्या नावाने फाईल पाठवतो. ती उघडून मोबाईलमध्ये बसवली की मोबाईल त्याच्या ताब्यात. कधी म्हणतो, "तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका." लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात.

या सगळ्या चोरांची बोली मात्र एकच आहे. लवकर करा. एकट्यानेच करा. कोणाला सांगू नका.

गुरुदेवांनी आपल्याला सवय कशाची लावली? बरोबर याच्या उलट. प्रार्थना एकट्याने कोपऱ्यात नाही, सगळ्यांनी मिळून. ठरलेल्या वेळी, शांतपणे, उघड्यावर, मोठ्या आवाजात. लहान-मोठा, गरीब-श्रीमंत एका रांगेत. सामुदायिक प्रार्थना ही नुसती रीत नाही, ती राखणदारीची तालीम आहे. ज्याला रोज चार माणसांत बसायची सवय आहे त्याला चोर एकटं कसं गाठेल?

आपल्या बाया महिला समूह चालवतात, त्यात हेच आहे. दहा-बारा जणी गोल बसतात, रजिस्टर उघडं असतं, कोणी किती भरले, कोणी किती उचलले, सगळ्यांसमोर वाचलं जातं. रक्कम लहान असते, पण झोप शांत लागते. जो पैसा चार माणसांत मोठ्याने सांगता येतो तो स्वच्छ. जो कानात सांगावा लागतो त्यापासून दूर राहावं. याहून सोपी कसोटी नाही.

म्हणून आपल्या गटातल्या प्रत्येक कुटुंबाने पुढचे पाच नेम घ्यावे, ही विनंती.

*1.* मोठी रक्कम कुठेही टाकण्याआधी दोन माणसांना सांगायचं. एक घरातला, एक बाहेरचा. आणि एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. खरी योजना रात्रीत पळून जात नाही.

*2.* या गटात कोणतीही पैशाची योजना, लिंक किंवा ॲपची फाईल टाकायची नाही. टाकणारा कितीही जुना सेवक असो. कोणी टाकलीच तर भांडू नये, "दादा, हे इथे नको" एवढं म्हणावं.

*3.* फोनवर फसवणूक झाली तर रडत बसू नये, लगेच *1930* वर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची आशा जास्त. बँकेलाही सांगावं. इतर कोणत्याही संकटात *112*, लेकरांसाठी *1098*, महिलांसाठी *181*, एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी *14567*. हे नंबर कागदावर लिहून देवघराजवळ चिकटवावे.

*4.* आपल्या गल्लीत कोण एकटं राहतं ते पाहावं. ज्यांची मुलं बाहेरगावी आहेत अशा आई-वडिलांच्या घरी आठवड्यातून एकदा जाऊन बसावं. त्यांच्या मोबाईलचा पिन विचारायचा नाही. "कोणाचा घाबरवणारा फोन आला होता का?" एवढं मात्र विचारायचं.

*5.* ज्यांचं बुडालं त्यांच्या घरी रिकाम्या हाताने सहानुभूती घेऊन जाऊ नये. लेकराची वह्या-पुस्तकं, पेरणीच्या वेळी बियाणं, शेतावर एक दिवसाचं श्रमदान, जे जमेल ते न्यावं. आणि केलेलं कोणाला सांगू नये. चोराची गुप्तता वाईट, सेवेची गुप्तता चांगली!

धान विकल्यावर घरात पैसा येतो आणि दुप्पटवाले पुन्हा ओसरीवर येतात. त्या दिवसांत हे नेम विशेष पाळावे.

किल्ल्याच्या भिंती आज पडल्या-झडल्या आहेत, कारण दगडाची भिंत कधी ना कधी पडतेच. माणसाला माणूस लागून उभा राहिला की जी भिंत होते ती मात्र रोज प्रार्थनेत नव्याने बांधता येते. आज प्रार्थनेला जाताना शेजारच्या एका घराला हाक मारून सोबत न्यावं. जो बऱ्याच दिवसांत आला नाही, त्याला आधी. आणि तो आला तर त्याला काही विचारू नये. फक्त सरकून, आपल्या शेजारी, पुढे जागा करून द्यावी.

गुरुदेव सगळ्यांना सद्बुद्धी देवो आणि एकमेकांची राखण करण्याचं बळ देवो.

॥ जय गुरु ॥ 🙏