पेटीतले न वटवलेले चेक

घरातील वडीलधारे माणूस प्रभूमध्ये निजले, म्हणजे काही दिवसांनी त्यांची पेटी उघडावी लागते. पवित्र शास्त्राची जीर्ण प्रत, पेन्शनचे कागद, मंडळीच्या वर्गणीच्या पावत्या आणि कधी कधी एखाद्या पाकिटात न वटवलेले जुने चेक निघतात. काही दुसऱ्यांनी त्यांच्या नावे दिलेले, तर काही त्यांनी दुसऱ्याच्या नावे लिहिलेले, पण त्याच्या हाती कधीच न पडलेले. "जुने झाले, फाडून टाका," असे पुष्कळजण म्हणतात. हे उत्तर ख्रिस्ती माणसास पुरेसे आहे, असे आम्हांला वाटत नाही.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १ एप्रिल २०१२ पासून चेक त्यावरील तारखेपासून तीन महिनेच चालतो. त्यापूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. तेव्हा जुना चेक बँकेत चालणार नाही, आणि तारीख खोडून तो चालवू पाहणे हा सरळ खोटेपणा होय. परंतु चेक मेला म्हणून देणे मेले असे नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे उसन्या पैशासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. ती मुदत टळली की कोर्टाचे दार बंद होते. ऋण मात्र पुसले जात नाही. म्हणूनच मुदत टळलेले कर्ज फेडण्याचे वचन ऋणकोने लेखी व सहीनिशी दिले, तर १८७२ च्या करार कायद्याने ते त्याला बांधते.

आता मृताने दुसऱ्याच्या नावे लिहिलेला चेक घेऊ. वह्या, पावत्या व पासबुक आधी तपासावे. कदाचित ती रक्कम मागाहून रोखीने दिली गेली असेल. दिली नसेल, तर वाटण्या करण्यापूर्वी ती त्या माणसाला पोहोचवावी. २ राजे ४ मधील विधवेची गोष्ट आपण शब्बाथ शाळेत तेलाच्या चमत्कारासाठी सांगतो. पण अलीशाने घालून दिलेला क्रम आपल्या ध्यानात येतो काय? तेल विकून आधी नवऱ्याचे देणे फेडायचे, आणि उरेल त्यावर मुलांसह निर्वाह करायचा. घरात अन्न नव्हते, तरी क्रम हाच होता. वारसावर कायद्याने येणारी जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती असते हे खरे. पण जेवढे मिळाले, त्यात धनकोचा वाटा आधीचा आहे.

मृताच्या नावे आलेला चेक अधिक विचारात पाडतो. तो एखाद्या कंपनीचा लाभांश असेल, तर मागण्यात संकोच नको. सात वर्षे न घेतलेला लाभांश सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो, आणि तेथूनही वारसांना तो मागता येतो. पण चेक एखाद्या शेजाऱ्याचा वा मंडळीतील बंधूचा असेल तर? "सध्या खात्यात पैसे नाहीत, जरा थांबा," असे त्याने म्हटले असेल, आणि आपले वडील थांबले असतील; थांबता थांबता त्यांनी ते मनातून सोडूनही दिले असेल. तो कागद ऋणपत्र आहे की क्षमापत्र, हे सांगायला आता ते नाहीत.

येथे अनुवाद २४:१०-११ मधील नियम आम्हांला मार्ग दाखवतो. गहाण घ्यायला गेलेल्या धनकोने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. आपणही विचारावे, पण दाराबाहेर उभे राहून. एकांतात, चारचौघांत नव्हे, "आमच्या कागदांत हे निघाले, आपल्याला काही आठवते काय?" एवढेच. तो देऊ शकत असेल तर द्यावे. अडचणीत असेल तर सोडावे.

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, दुसऱ्याच्या वाट्याची दया आपण करू नये. मागे राहिलेल्या आईला औषधासाठी त्या पैशाची गरज असेल, तर नोकरीवरच्या मुलाने उदारपणे चेक फाडणे हे औदार्य नव्हे. दुसरी, सोडून दिलेले ऋण ऋणकोला कळवावे. मनातल्या मनात दिलेली क्षमा त्याला मोकळे करीत नाही; तो रस्ता बदलून जातो, उपासनेत मागच्या बाकावर बसतो. वडिलांनी कदाचित तेवढेच करायचे ठेवले असेल, आणि ते पुरे करणे आपल्याकडे आले असेल.

अनेसिमाचे काही देणे असेल तर ते आपल्या नावावर मांडावे, असे पौलाने फिलेमोनाला स्वहस्ते लिहून दिले. जो ते ऋण करून बसला नव्हता, त्याने ते स्वतःवर घेतले. ज्यांचे ऋण प्रभूने वधस्तंभावर फेडले, त्या आपण आपल्या मृतांचे देणे द्यायला त्वरा करावी, आणि त्यांचे येणे मागायला धीर धरावा. वाटणीच्या दिवशी घरातील भावंडांनी घराची व दागिन्यांची यादी करण्याआधी हे पाकीट उघडावे, अशी आमची विनंती आहे.