पतीलाही तोच नियम

ख्रिस्ती धर्मशिकवणीत वैवाहिक एकनिष्ठेचे बंधन पती आणि पत्नी दोघांवर सारखेच आहे. आज यात नवल वाटत नाही, पण पहिल्या शतकातील रोमन जगाला ते चमत्कारिकच वाटले असणार. सम्राट ऑगस्टसच्या इ.स.पू. १८ च्या कायद्यात व्यभिचाराचा गुन्हा स्त्रीच्या दर्जावरून ठरे. विवाहित पुरुषाने दासीशी किंवा वेश्येशी संबंध ठेवला तर तो गुन्हा होत नसे, आणि पत्नीला पतीवर असा खटलाही भरता येत नसे.

व्यभिचाराचा निषेध यहुदी धर्मशास्त्रात होताच. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनात येशू तो निषेध पुरुषाच्या नजरेपर्यंत नेतो: वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलेलाच असतो. इथे दोष पाहणाऱ्याचा आहे, जिच्याकडे पाहिले गेले तिचा नाही. स्त्रियांच्या पेहरावावर उपदेश करणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही. सूटपत्राबाबत, म्हणजे घटस्फोटाबाबतही येशू मोशेने दिलेल्या सवलतीच्या मागे, उत्पत्तीच्या पुस्तकातील ‘एकदेह’ या कल्पनेपर्यंत जातो. मार्क घटस्फोटाच्या मनाईला अपवाद सांगत नाही, मत्तय जारकर्माचा अपवाद नोंदवतो. पुढे कॅथलिक चर्चने विवाह अभंग मानला, तर ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी काही कारणांसाठी घटस्फोटाला वाट ठेवली.

समानतेची सर्वांत स्पष्ट मांडणी मात्र पौलाची. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पत्नीच्या देहावर पतीचा अधिकार तो सांगतो. एवढे त्या काळी कोणीही सांगितले असते, पण लगेच पतीच्या देहावर पत्नीचाही तसाच अधिकार असल्याचे तो लिहितो. विवाहातही देहसंबंध टाळणे हीच खरी शुद्धता, असे करिंथमधील काहींना वाटत होते. पौल तसे मानत नाही. प्रार्थनेसाठी दोघांच्या संमतीने आणि थोड्या काळापुरतेच दूर राहावे, असे तो सांगतो. म्हणजे शुद्धता देहाच्या नकारात नाही. मात्र त्याच अध्यायात तो अविवाहित राहणे अधिक बरे असेही म्हणतो, आणि पुढच्या शतकांनी हेच वाक्य जास्त उचलून धरले.

विवाहित आणि ब्रह्मचारी यांची योग्यता सारखीच, असे म्हणणाऱ्या जोव्हिनियनला सुमारे ३९३ मध्ये रोममध्ये दोषी ठरवण्यात आले. त्याच्याविरुद्ध संत जेरोमने विवाहाची इतकी निंदा केली की त्याचे मित्रही ओशाळले. संत ऑगस्टिनने सुमारे ४०१ मध्ये मधला मार्ग काढला: ब्रह्मचर्य श्रेष्ठ, पण विवाहही चांगला, कारण त्यात संतती, परस्परनिष्ठा आणि न तुटणारे पवित्र बंधन ही तीन हिते आहेत. ही श्रेणी मार्टिन ल्यूथरने नाकारली आणि १५२५ मध्ये पूर्वाश्रमीच्या जोगिणीशी विवाह केला. गंमत अशी, की दोघांना एकच नियम या मुद्द्यावर जेरोमही ठाम होता. सीझरचे कायदे वेगळे आणि ख्रिस्ताचे वेगळे, स्त्रीला जे वर्ज्य ते पुरुषालाही वर्ज्य, असे त्याने एका पत्रात बजावले आहे.

ख्रिस्ती म्हणवणाऱ्या राज्यकर्त्यांनी मात्र कायदे करताना सीझरचेच अनुकरण केले. इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावर बेतलेल्या १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र सहसा व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. इंग्लंडने हा भेद १९२३ मध्ये काढून टाकला. भारतात केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये या तरतुदीवर प्रहार केला, आणि २००१ च्या दुरुस्तीने घटस्फोटाची मुख्य कारणे दोघांसाठी सारखी झाली. ही समानता दिवाणी न्यायालयातली आहे. वसईतल्या कॅथलिक दांपत्याने तिथून घटस्फोट मिळवला, तरी धर्मप्रांताच्या न्यायाधिकरणाने मूळ विवाहच अवैध ठरवल्याशिवाय, जोडीदार हयात असेपर्यंत पती किंवा पत्नी कोणालाही चर्चमध्ये दुसरा विवाह करता येत नाही.