एकमेकांचे ओझे, आपापला भार

'बॅरिॲट्रिक' हा शब्द अलीकडे आपल्या घराघरांत येऊन पोहोचला आहे. वजन कमी करण्यासाठी जठरावर व आतड्यांवर ज्या शस्त्रक्रिया केल्या जातात, त्यांना हे नाव आहे. नव्या कराराची मूळ भाषा वाचणाऱ्याला या नावात दोन परिचित ग्रीक शब्द भेटतात. 'बारोस' म्हणजे ओझे आणि 'इआत्रोस' म्हणजे वैद्य. यांतील पहिला शब्द प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात योजला आहे. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांची ओझी वाहावीत असे तो सांगतो, तेव्हा त्याच्या लेखणीतून 'बारोस' याच शब्दाचे अनेकवचन उतरते. ही शस्त्रक्रिया व हे वचन माझ्या मनात एकत्र आले, ते आमच्या मंडळीतील एका भगिनीमुळे. तिच्या अनुमतीनेच हे लिहीत आहे.

ती शिक्षिका आहे. वजन ११८ किलो, जोडीला मधुमेह व गुडघेदुखी. वैद्यांच्या सल्ल्याने तिने 'स्लीव्ह' नावाची शस्त्रक्रिया करून घेतली. हिच्यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात व उरलेल्या भागाची एक अरुंद नळी राहते. दहा महिन्यांत तिचे वजन ८४ किलोंवर आले. घरात आनंद झाला, मंडळीत उपकारस्तुती झाली. त्यानंतर मात्र काटा थांबला. एक महिना गेला, दोन गेले, तीन गेले. आहार तोच, चालणे तेच, आणि वजनही तेच.

लोकांची जीभ मात्र थांबली नाही. "एवढं ऑपरेशन करूनसुद्धा?" असे कोणी विचारले. ही तर पळवाटच होती, असे कोणी सुचवले. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तर पेरावे तसे उगवते, हे शास्त्राधारासह ऐकवले. तिने आपले जेवण आणखी घटवले. पुढे काही दिवस केवळ कोऱ्या चहावर काढले व त्याला उपवास हे नाव दिले. एका रविवारी उपासनेत उभी असताना तिला घेरी आली. दुसऱ्या दिवशी मी भेटावयास गेलो, तेव्हा तिने विचारले, "सर, माझं नेमकं कुठलं पाप आडवं येतंय?"

हा वैद्यकाचा विषय आहे असे म्हणून मला निघून येता आले असते. परंतु तिने प्रश्न वजनाचा विचारला नव्हता, पापाचा विचारला होता. प्रामाणिक प्रयत्नाला फळ दिसेनासे झाले म्हणजे तो प्रयत्न खोटा ठरतो काय? फळ थांबले की दोष सिद्ध झाला, असे मानावे काय?

प्रथम शरीराची साक्ष ऐकू या. अशा शस्त्रक्रियेनंतर पहिल्या सहा महिन्यांत वजन झपाट्याने उतरते, मग वेग मंदावतो, आणि बहुधा बारा ते अठरा महिन्यांच्या सुमारास ते स्थिरावते. मधूनमधून काही आठवड्यांचे लहान थांबेही येतात. यामागे कारणे आहेत. देह लहान झाला की त्याला चालवण्यास ऊर्जाही कमी लागते. शिवाय चरबी घटली की तिच्यातून स्रवणारे 'लेप्टिन' घटते; त्यावरून मेंदू दुष्काळ पडल्याचे अनुमान काढतो व खर्चाला हात आखडता घेतो.

याचा एक प्रसिद्ध दाखला अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली घडला. महायुद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसे जगवावे हे जाणून घेण्यासाठी ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. हे तरुण स्वेच्छेने आले होते. सदसद्विवेकबुद्धीस स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले हे लोक होते. त्यांच्यांत ब्रदरन, क्वेकर, मेनोनाइट अशा शांततावादी ख्रिस्ती पंथांचे अनेक जण होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर जी ऊर्जा खर्च करी, ती सुमारे ४० टक्क्यांनी खाली आली. दिवसरात्र त्यांच्या मनात अन्नाचेच विचार घोळू लागले. हे तरुण आळशी वा खादाड नव्हते. विवेकासाठी समाजाचा रोष पत्करणारी ती माणसे होती. तरीही त्यांच्या देहांनी हेच केले.

आपल्या देहात ही राखण निर्माणकर्त्याने ठेवली आहे. दुष्काळात याच राखणीने आपले पूर्वज तगले. शस्त्रक्रिया भुकेची तीव्रता कमी करते खरी, परंतु या राखणदाराला ती घराबाहेर काढू शकत नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात, ज्यांची 'बायपास' शस्त्रक्रिया झाली त्यांचे वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के उरली. म्हणजे थांबणे, एवढेच नव्हे तर थोडे परत येणे, हा देखील सर्वसाधारण क्रमच आहे. आणि त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. काटा थांबला तरी लाभ थांबला नव्हता.

आता त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या वचनाकडे वळू. पेरणी व कापणी यांविषयीचे ते वचन याच सहाव्या अध्यायात आहे. तेथे पौल देहस्वभावासाठी पेरणाऱ्याला इशारा देतो. परंतु मूळ शब्द आहे 'सार्क्स', आणि पौलाच्या लेखी त्याचा अर्थ अंगावरचे मांस वा चरबी असा नव्हे. देवापासून विन्मुख होऊन स्वतःपुरते जगणारी वृत्ती, हा तो अर्थ. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तिची कर्मे सांगताना त्याने वैर, कलह, मत्सर, तट यांनाही गोवले आहे. या दृष्टीने पाहता सडपातळ माणूसही पुरता देहस्वभावी असू शकतो. आणि भगिनीच्या शरीरावर शेरे मारणारी आपली जीभ कोणत्या शेतात पेरीत आहे, हे आपणच तपासावे.

मग कोणी विचारील, ही तर शिथिलतेला सूट झाली! तसे नाही. दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा म्हणणारा पौल पाचव्या वचनात म्हणतो की, ज्याचा भार त्यानेच वाहावा. वरवर पाहता यात विसंगती दिसते. परंतु भाषांतर करणाऱ्याला येथे थांबावे लागते, कारण मुळात शब्द बदललेला आहे. पहिल्या ठिकाणी 'बारोस' आहे, दुसऱ्या ठिकाणी 'फोर्तिओन'. 'बारोस' म्हणजे माणसाला दडपून टाकणारे जड ओझे. 'फोर्तिओन' म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेली, वाहून न्यावयाची बोचकी. आपले ओझे हलके आहे असे प्रभू येशू म्हणतो, तेथेही मत्तयाने हाच दुसरा शब्द योजला आहे.

या भगिनीचा 'फोर्तिओन' कोणता? ताटातील प्रथिने आधी खाणे, घोटघोट पाणी पिणे, ब-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर न चुकता घेणे, चालण्याबरोबर स्नायूंना बळ देणारा व्यायाम करणे, पुरेशी झोप घेणे, ठरल्या दिवशी वैद्यांकडे जाणे. हे तिच्यासाठी दुसरा कोणी करू शकत नाही. कधी थांब्याचे कारण आपल्याच हातून घडलेलेही असते. येता-जाता तोंडात टाकलेले फरसाण, गोड सरबते, चुकलेला व्यायाम. म्हणून या दोन वचनांच्या मधोमध पौल म्हणतो की, प्रत्येकाने आपले काम पारखावे, दुसऱ्याच्या कामाशी तोलू नये. 'दोकिमाझो' हे त्याचे क्रियापद सोनारही धातू पारखताना वापरी. पारख करणे वेगळे आणि शिक्षा करणे वेगळे. सोनार सोने पारखतो ते त्याचे मोल कळावे म्हणून. कोऱ्या चहाचे ते दिवस म्हणजे उपवास नव्हे. ती तिने स्वतःला दिलेली शिक्षा होती. उपवासात मनुष्य देवाकडे वळतो. येथे तिची दृष्टी काट्यावरच खिळली होती.

आणि 'बारोस'? ती लाज, तो संशय, देवाने आपल्याला टाकले की काय ही रात्रीची धास्ती, हे ओझे एकटीने वाहावयाचे नाही. ते मंडळीने वाहावयाचे आहे. त्यासाठी मोठे काही लागत नाही. प्रीतिभोजनाच्या पंगतीत "एवढ्यानं काय होतंय" म्हणून बिर्याणीचा आग्रह न करणे; नाताळच्या फराळाचे ताट नाकारले तर रुसून न बसणे; वजनाची चौकशी न करता तिची चौकशी करणे; संध्याकाळी तिच्याबरोबर दोन किलोमीटर चालणे. आम्ही वैद्यच बनलो पाहिजे असे नाही. सोबती बनलो तरी पुरे.

ती पुन्हा वैद्यांकडे व आहारतज्ज्ञांकडे गेली. जेवण वाढवा, घटवू नका, असे त्यांनी तिला बजावले. वजन आता ती रोज न करता आठवड्यातून एकदा करते. काटा आजही ८३ च्या आसपास आहे. कदाचित तेथेच राहील.

परवा प्रार्थनासभेत ती माझ्या पुढच्या रांगेत होती. गेली कित्येक वर्षे सर्वांनी गुडघे टेकले की ती खुर्चीवर मान खाली घालून बसून राहत असे. त्या दिवशी तिने पुढच्या बाकाचा आधार घेतला व सावकाश गुडघे टेकले. तिचे इन्सुलिन सुटल्याला आता आठ महिने झाले आहेत.

चांगले करण्याचा कंटाळा न धरणाऱ्याला योग्य वेळी पीक मिळेल, अशी आशा पौल त्याच अध्यायात देतो. ती वेळ कोणती व ते पीक कोणते, हे ठरवण्याचा अधिकार त्याने काट्याला दिलेला नाही. बंधुभगिनींनो, आपल्या शेजारी असे कोणी थांबलेले असेल, तर त्याच्या ओझ्याखाली आपलाही खांदा द्यावा.