डागाला सनद हवी

प्लॅस्टिकची छोटी विमाने जोडून रंगवण्याचा छंद असलेल्या आम्हा मंडळींचे एक काम पाहणाऱ्याला वेडेपणाचे वाटते. आधी आम्ही विमान स्वच्छ, एकसारखे रंगवतो आणि मग तितक्याच निगुतीने ते मळवतो. पातळ काळपट रंग पत्र्याच्या सांध्यांत सोडतो, स्पंजाच्या तुकड्याने कडेचा रंग उडाल्यासारखा दाखवतो, पेस्टल खडूची पूड चोळून धुराचे फराटे काढतो. जे विमान कधी उडालेच नाही त्याच्या अंगावर उड्डाणांची झीज चढवायची, ही लबाडी नव्हे का? हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. कुणाच्याही अंगावर डाग दाखवण्याचा अधिकार आपल्याला केव्हा मिळतो, असाच तो खरा प्रश्न आहे.

उदाहरणादाखल दुसऱ्या महायुद्धातले हॉकर हरिकेन घेऊ. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हीच विमाने उडवत होती. ४० फूट पंखविस्ताराचे हे विमान १:७२ या प्रमाणात जेमतेम १७ सेंटिमीटरचे होते. म्हणजे मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा ओरखडा खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरांहून मोठा. हात जरा सैल सुटला की ओरखड्याची जखम होते.

त्याहून महत्त्वाचे हे की, प्रत्येक डागाला कारण लागते. वैमानिक डाव्या बाजूने पंखावर पाय देऊन आत चढे, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी रंग अधिक झिजलेला. इंजिनाची धुराची नळकांडी नाकाच्या दोन्ही अंगांना, म्हणून काजळी तिथून निघून मागे, वाऱ्याच्या दिशेने जाणार. मेकॅनिक जी झाकणे रोज उघडत, त्यांच्या कडा आधी उघड्या पडत. आणि हरिकेनचा शेपटीकडचा भाग तर लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा होता. तिथे पत्र्याचे चंदेरी टवके कसे दिसतील? पत्राच नाही! असे टवके काढणाऱ्याचे काम कितीही देखणे असो, ते खोटेच.

म्हणून आमच्यातले जाणते आधी त्या विमानाचे छायाचित्र शोधतात आणि ते केव्हाचे आहे तेही पाहतात. उन्हाळ्यातल्या धुळीतले विमान आणि पावसाळ्यातल्या चिखलातले विमान सारखे दिसत नाही. ही शिस्त आपल्याला परकी वाटू नये. हदीसच्या अभ्यासकांनी प्रत्येक कथनामागे सांगणाऱ्यांची साखळी, म्हणजे इसनाद, मागितली. या सांगणाऱ्यांची पारख करण्याच्या शास्त्राचे नाव 'जरह व तादील'. जरह म्हणजे मुळात जखम. उर्दूत कोर्टातली 'जिरह' आली ती याच शब्दातून. माणसाचे वैगुण्य सांगणे म्हणजे त्याला जखम करणे, ही जाणीव त्या नावातच आहे. जखम करावीच लागली तर ती नियमाने, पुराव्याने. पुरावा नसेल तर ती पारख राहत नाही, तोहमत होते.

याच विमानाच्या रंगात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ब्रिटिश विमानांवरच्या वर्तुळाकार चिन्हात मधोमध लाल ठिपका असे. पूर्वेच्या आघाडीवर तो काढून टाकण्यात आला आणि निळ्याच्या दोन छटाच उरल्या. कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे, आणि घाईगर्दीत आपल्याच माणसाने आपले विमान पाडू नये. त्या लाल रंगाचा गुन्हा काहीच नव्हता. शत्रूच्या खुणेशी त्याचे साम्य होते, एवढेच. आकाशात, क्षणभरात निर्णय घ्यायचा असताना ही खबरदारी समजण्यासारखी आहे. पण जमिनीवर, नांदत्या गावात, शहानिशा करायला वेळ असतो. तिथेही निव्वळ साम्यावरून माणसे ओळखली जाऊ लागली, तर तो न्याय नव्हे, भय असते.

आपण हे पुस्तकातून शिकलेलो नाही. २००६ च्या मालेगाव स्फोटांनंतर पकडलेल्या मुस्लिम आरोपींना विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले ते २०१६ मध्ये. स्फोटांत मेलेली माणसे आपली, आणि संशयही आपल्यावरच. डाग लावायला काही दिवस पुरले, पुसायला दहा वर्षे लागली. तोवर कुणाच्या घरातली कमाई गेली, कुणाच्या मुलींची स्थळे परत गेली असतील, याचा हिशेब कोणत्याही निकालपत्रात नसतो.

मात्र इथेच थांबलो तर आपलीही साक्ष अर्धीच राहील. डागाचे खोटे जसे असते तसे चकाकीचेही असते. महिनोन्महिने आघाडीवर राबलेले विमान काल कारखान्यातून आल्यासारखे दाखवणे, हीही बनवाबनवीच. ही दुसरी बनवाबनवी आपल्याला जास्त प्रिय आहे. तोंडी तलाकने उंबऱ्याबाहेर पडलेल्या बाईचा विषय निघाला की, आपल्या धर्मात स्त्रीला केवढा मान आहे, याचे वार्निश आपण लगेच काढतो. मान आहे, हे खरे. पण ती बाई बाहेर उभी आहे, हेही खरे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत मोर्चा काढला, तेव्हा समाजाला बट्टा लावल्याचा ठपका त्यांच्यावरच आला. वास्तविक त्यांच्या तक्रारीला दुसऱ्या सनदेची गरज नव्हती. ज्यांनी सोसले त्याच सांगत होत्या. तोहमतीला नकार देण्याचा आपला हक्क तेव्हाच भक्कम होतो, जेव्हा खरा डाग आपण स्वतः दाखवतो.

आमच्या छंदाला एक मर्यादाही आहे, ती मान्य केली पाहिजे. युद्धाने विमानाचे काय केले ते आम्ही दाखवू शकतो. विमानाने खाली माणसांचे काय केले ते दाखवू शकत नाही. तोफांच्या तोंडाशी धुराची काळी रेघ ओढता येते, पण त्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला कोण होते ते स्पंजाने उमटत नाही. म्हणून कपाटात ठेवलेल्या त्या देखण्या वस्तूकडे पाहताना युद्धच देखणे वाटू लागले, तर सगळे डाग बिनचूक असूनही साक्ष खोटी ठरते.

रंगकामाच्या शेवटी मॅट वार्निशचा हलका हात फिरवतात. त्याखाली सारे डाग कायमचे बसतात. त्याआधी प्रत्येक डागाला विचारावे, तू इथे कशामुळे आलास? उत्तर न देणारा डाग पुसावा आणि उत्तर देणारा, नकोसा असला तरी, राहू द्यावा. विमानाच्या बाबतीत हे करायला एक संध्याकाळ पुरते. माणसांच्या बाबतीत मात्र हे काम रोजचे आहे.