टाकून दिलेलें पाणी

वर्गांत मालकीहक्काची चर्चा चालली असतां एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, “सर, टाकून दिलेल्या वस्तूची मालकी कोणाची?” कायद्याचें उत्तर सोपें आहे: मालकानें हेतुपुरस्सर त्याग केला कीं त्याचा हक्क संपतो. पण हक्क संपला म्हणून जबाबदारीहि संपते काय? या प्रश्नाचें उत्तर मला ग्रंथांपेक्षां आमच्या छत्रपति संभाजीनगरच्या खाम नदीनेंच अधिक स्पष्टपणें दिलें आहे.

पाणी आणण्याच्या विद्येंत हें शहर पूर्वींपासून निष्णात. मलिक अंबरानें सतराव्या शतकांत डोंगरांतील पाणी जमिनीखालच्या नहरींतून येथें आणलें, आणि अशाच एका नहरीवर खामच्या कांठची पाणचक्की फिरली. पाणी आणावें कसें हें आम्ही शिकलों. परत करावें कसें, हें शिकलों नाहीं. आज शहर आपलें पाणी पैठणच्या नाथसागरांतून उपसून आणतें. खाम नदी शहराचें सांडपाणी घेऊन, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीजवळून वाहत, अखेर त्याच नाथसागरास मिळते. जें आम्हीं टाकलें, तेंच फिरून आमच्या घागरींत येतें.

“म्हणून तरी तें शुद्ध केलें पाहिजे,” असें शहाणे लोक म्हणतात. हा युक्तिवाद व्यवहाराचा आहे, नीतीचा नव्हे. खामचा प्रवाह उद्यां दुसऱ्या खोऱ्यांत वळवितां आला, तर आमचें दायित्व संपेल काय? शहर आणि जलाशय यांच्या मधल्या गांवांनीं आमचें कांहीं घेतलेलें नाहीं. आमच्या स्वार्थास मुळींच बाध आला नसता, तरी त्यांचा हक्क तेवढाच राहिला असता.

शुद्धीकरणाची क्रियाहि या दृष्टीनें बोधप्रद आहे. प्रथम जाळ्यांनीं केरकचरा अडवितात, मग वाळू व गाळ खालीं बसूं देतात, आणि नंतर पाण्यांत हवा खेळवून सूक्ष्म जंतूंकरवीं सेंद्रिय घाण खाववितात. ही शेवटची युक्ति आर्डर्न व लॉकेट यांनीं मँचेस्टर येथें १९१४ सालीं सिद्ध केली. आमच्या कांचनवाडीच्या केंद्राची भिस्तहि जंतूंवरच आहे. परंतु माणसाचा मैला पचविणारे हे जंतु धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्यांतील क्रोमियम पचवूं शकत नाहींत; उलट त्यानें तेच मरतात. म्हणून असें पाणी कारखान्याच्या उंबरठ्याच्या आंतच वेगळें ठेवून, रसायनांनीं क्रोमियमचें रूप पालटून, चुन्यानें त्याचा साका खालीं बसवावा लागतो. एकदां तें सर्वांच्या गटारांत मिसळलें, कीं तें कोणाचें हें ओळखणें दुरापास्त होतें. आणि सर्वांचा दोष कोणाच्याच माथीं बसत नाहीं. शिवाय पाणी निवळलें तरी गाळ उरतोच, व त्याचीहि सोय लावावी लागते. सृष्टींत ‘बाहेर’ नांवाचें ठिकाणच नाहीं.

आमच्या अनास्थेचें मूळ मात्र केवळ यंत्रांच्या अभावांत नाहीं. शुद्धि म्हणजे न शिवणें, ही आमची जुनी समजूत. ज्या घरांत सोवळें कडक, त्याच घराचा मैला दुसऱ्याच्या डोक्यावरून जात असे. आणि घाण करणारा शुद्ध व वाहणारा अशुद्ध ठरत असे! १९९३ व २०१३ च्या कायद्यांनीं ती प्रथा निषिद्ध केली, पण ती वृत्ति गेली नाहीं. माणसाच्या डोक्यावरून उतरविलेलें ओझें आम्हीं नदीच्या डोक्यावर ठेवलें, एवढेंच.

नाथसागर ज्यांच्या नांवानें ओळखला जातो, त्या एकनाथांनीं रामेश्वरासाठीं आणलेली गंगेची कावड तहानेनें तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखीं रिती केली, अशी कथा आहे. ती आपण भूतदयेची कथा म्हणून सांगतों. मला तींत शुद्धीचीहि व्याख्या दिसते: पाण्याचें पावित्र्य तें कोठून आलें यावर नव्हे, तर तें पुढच्याच्या मुखीं कसें पोंचतें यावर ठरतें.

त्या विद्यार्थ्याला मीं इतकेंच सांगितलें कीं, टाकलेल्या वस्तूची मालकी कोणाचीहि असो; ती ज्याच्या दारांत जाऊन पडते, त्याला ती निरुपद्रवी होईपर्यंत आपला त्याग पुरा झाला असें समजूं नये.