नावाचं शेपूट

फोनवर कोणी पत्ता विचारला की मी सांगतो, "कळवा." पलीकडून हमखास उत्तर येतं, "हो, कळवतो की, पण राहता कुठे?" कळवेकराने हा विनोद किती वेळा ऐकलेला असतो त्याची मोजदाद नाही, आणि करणाऱ्याला मात्र दर वेळी तो आत्ताच सुचलेला असतो. म्हणून आमच्यातले बरेच जण 'ठाण्याला' म्हणून मोकळे होतात. मध्ये एक खाडी तर आहे. मीही म्हणतो. गावाचं नाव असं खाडीपलीकडे ढकलता येतं, बापाचं नाही येत.

माझ्या वडिलांचं नाव धोंडू.

हे वर्गाला कळलं ते माझ्या स्वतःच्या नावामुळे. माझं नाव इतकं सर्रास, की पाचवीच्या आमच्या तुकडीत त्या नावाचे आम्ही तिघं होतो. मग बाई हजेरी घेताना आम्हा तिघांची पूर्ण नावं वाचायच्या. पहिल्या दिवशी माझं मधलं नाव वाचताना त्या किंचित थांबल्या, ओठ मिटून हसल्या आणि पुढे गेल्या. मधल्या सुट्टीपर्यंत मी धोंड्या झालो होतो. मराठी शाळेत पोराला बापाच्या नावाने हाक मारणं हा जुनाच खेळ. प्रकाशच्या पोराला प्रक्या म्हणायचे, सुरेशच्या पोराला सुऱ्या. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही, कारण प्रक्या हा शेजारच्या बाकावरचाही कोणी असू शकत होता. धोंड्या मात्र फक्त मीच होतो.

घरी जाऊन वडिलांना विचारलं, "तुमचं नाव असं का?" ते ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपनीतून रात्रपाळी करून आले होते. म्हणाले, "मला काय विचारतोस? मी ठेवलंय का?" बरोबरच होतं. मे महिन्यात गावी गेल्यावर आजीला विचारलं. तिने तांदूळ निवडता निवडता सांगितलं. आधीचे दोन मुलगे गेले, एक पाळण्यातच, दुसरा चालायला लागल्यावर. तिसरा झाला तेव्हा त्याला सुपात घालून उकिरड्याच्या कडेला ठेवलं. शेजारणीने उचलला. आजीने पसाभर कोंडा देऊन तो तिच्याकडून विकत घेतला आणि नाव ठेवलं धोंडू. यम आला आणि त्याने विचारलं, की घरात काय आहे, तर सांगायचं, पोर कुठलं, धोंडा आहे.

ह्या रीतीतून मराठीला नावांचं एक अख्खं कपाटच मिळालं आहे. केरात ठेवलेला तो केरू, उकिरड्यावरचा उकिरडा, कोंड्याला घेतलेला कोंडू किंवा कोंडाजी, भीक मागून वाढवलेला भिकू, पिराला बोललेला फकिरा, मुलगी भासावी म्हणून नाक टोचलेला नथू. ही नावं ऐकणाऱ्या माणसासाठी नव्हतीच. ती मृत्यूला ऐकवायची होती. माणसांनी ती मधल्या मध्ये ऐकली आणि ती हसली.

पण सगळ्यांना हसली का? इथे मला एक गोष्ट दिसायला बरीच वर्षं लागली. पन्हाळा १६७३ साली मूठभर माणसांनिशी घेणारा कोंडाजी फर्जंद आपण शाळेत वाचतो, आणि तिथे कोंडा कुणालाच आठवत नाही. टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना छत्रे हे मूळचे विनायक. पण मराठीने त्यांना ओळखलं ते केराच्या नावाने, आणि तेही आदराने. धोंडो केशव कर्वे महर्षी झाले, १९५८ साली वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न झाले. त्यांच्या मुलाने संततिनियमनावरून महाराष्ट्राच्या शिव्या खाल्ल्या, पण 'र. धों.' मधल्या 'धों'ला कोणी हसल्याचं मी वाचलेलं नाही. 'ना. धों.' म्हटलं की महानोरांचं शेत डोळ्यांपुढे येतं. पुण्यात रोज हजारो माणसं दगडूशेठला जातात, आणि त्यांतल्या एकालाही तिथे दगड ऐकू येत नाही.

म्हणजे मराठी माणसाची नावावरची प्रतिक्रिया चेहऱ्यावर शोधू नये. ती नावाला जोडलेल्या शेपटात असते. मूळ शब्द एकच, धोंडा. त्याला 'या' लावला की धोंड्या, नुसता ऊकार ठेवला की धोंडू. 'बा' लावला की धोंडिबा, म्हणजे मेंढरं राखणारा का होईना, मान असलेला माणूस. 'पंत' लावलं की धोंडोपंत, घरी वाडा, अंगावर उपरणं. पदार्थ तोच, वाढणाऱ्याचा हात बदलतो.

वडिलांच्या आयुष्यात मी हे शेपूट लांब होताना पाहिलं आहे. गावात ते धोंड्या होते, पाटलाच्या वयाने लहान पोरालासुद्धा. कळव्याला आले, कंपनीत लागले, तर टाइम ऑफिसच्या लेखी धोंडू. युनियनचा संप झाला तेव्हा गेटवर भाषण करताना कोणीतरी त्यांना धोंडूभाऊ म्हणालं आणि ते टिकलं. चाळ पाडून इमारत झाली, ते सोसायटीचे खजिनदार झाले, आणि पोरंटोरं धोंडूकाका म्हणू लागली. निवृत्त होऊन गणपतीच्या मंडळाला जरा सढळ वर्गणी दिली त्या वर्षी चौकातल्या बॅनरवर ते चक्क 'धोंडूशेठ' होऊन झळकले. ठाणे-कल्याण पट्ट्यात शेठ व्हायला फार काही लागत नाही हे मान्य, पण त्या बॅनरखालून ते तीन दिवस विनाकारण भाजी आणायला जात होते. नाव एका अक्षराने बदललं नव्हतं. बदललं होतं ते हाक मारणाऱ्यांचं त्यांच्याशी असलेलं नातं, आणि कदाचित त्यांची वर्गणी.

आता ह्यातली कडू बाजू. शेपूट वाढेल की नाही हे प्रत्येकाच्या हातात नव्हतं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावं कशी असावीत ते सांगितलं आहे: ब्राह्मणाचं मंगल, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं जुगुप्सा यावी असं. म्हणजे ब्राह्मणाच्या घरी धोंडो हा मृत्यूला फसवण्यासाठी केलेला अपवाद, आणि गावकुसाबाहेर तेच नाव म्हणजे नियम. तिथल्या आईनेही ते पोर जगावं म्हणूनच ठेवलं असेल. पण गावाने ते आपल्या सोयीने ऐकलं, शोभतंय असंच ऐकलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याला 'या'शिवाय दुसरं शेपूट फुटू दिलं नाही. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. त्यात शहरात लेखक झालेला दया पवार आणि मागे राहिलेला दगडू मारुती पवार एकमेकांसमोर येतात. दोघं एकच. एका माणसाला आपल्या नावाशी असं समोर बसून बोलावं लागतं, हे मराठीत त्याआधी कोणी इतकं उघड मांडलं नव्हतं. १९५६च्या धर्मांतरानंतर घराघरांत सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, सुजाता आले त्यामागेही हेच होतं. त्यातला मिलिंद तर एका ग्रीक राजाचा, मिनँडरचा, पालीतला अवतार. तो आता इतका मराठी झाला आहे की त्याला 'मिल्या' म्हणून हाक मारतात आणि त्याला राग येत नाही.

'या' हा नेहमी अपमानच असतो असंही नाही, हे मला आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्याने शिकवलं. वारल्यांमध्ये बुध्या, शुक्र्या, मंगळ्या ही वाराची सरळ नावं आहेत. बुधवारी जन्मला, संपला विषय. २०११ साली वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पद्म पुरस्कारांच्या यादीत 'जिव्या' असंच छापलं गेलं. जिवाजीराव करून घ्यायची त्यांना गरज वाटली नाही. ते शेपूट त्यांच्यात चिडवण्याचं नव्हतंच. आपल्याला ते तसं ऐकू येतं, कारण आपण आयुष्यभर ते गड्याला आणि मोलकऱ्याला लावत आलो.

ह्या सगळ्या हिशेबात न बसणारं एकच नाव मला माहीत आहे. नकुसा.

आमच्या जुन्या चाळीत निम्मी घरं साताऱ्याकडची होती, त्यामुळे हे नाव मी लहानपणापासून ऐकत आलो. पाणी भरायला रांग लागली की हाक यायची, "नकुसे, हंडा पुढं घे." मला ते कुठल्या तरी देवीचं नाव वाटायचं. अर्थ कळला तेव्हा मी कॉलेजात होतो. नको असलेली. तिसरी-चौथी मुलगी झाली की असं नाव ठेवायचं, म्हणजे वरच्याला निरोप पोचतो आणि पुढच्या खेपेला मुलगा होतो. वरवर पाहता ही धोंडूचीच बहीण वाटते. तसं नाही. धोंडू हे खोटं नाव आहे; पोर हवंहवंसं असताना नकोसं असल्याचं सोंग. नकुसा हे खरं नाव आहे. तिथे सोंग नाही, म्हणून त्याला कुठलंही शेपूट लावून उपयोग होत नाही. नकुसाताई, नकुसाबाई, नकुसाआजी. कितीही मान द्या, आतला 'नको' तसाच राहतो. दगडाबाई शेळके मराठवाड्यात निजामाविरुद्ध हत्यार घेऊन लढल्या, त्यांच्या नावातला दगड त्यांना शोभून दिसला. नकुसा नाव शोभून दिसण्यासाठी बाईने काय करावं?

म्हणून ऑक्टोबर २०११मध्ये साताऱ्यात जिल्हा परिषदेने समारंभ करून २८५ नकुशांना नवी नावं दिली, तेव्हा सरकारी समारंभांविषयी मनात असलेली सगळी अढी बाजूला ठेवून मला बरं वाटलं. नाव बदलून काय होतं, घरचे तेच म्हणणार, असं तेव्हा पुष्कळ जण म्हणाले, आणि घरचे काही दिवस म्हणालेही असतील. पण ह्या मुलींनी नवी नावं स्वतः निवडली होती. कोणी देवीचं निवडलं, कोणी सिनेमातल्या नटीचं. नटीचं नाव निवडलं म्हणून हसणारे लोक मला समजत नाहीत. पहिल्यांदाच निवडायला मिळालं तर कोण काटकसर करेल?

बाईचं नाव बदलण्याचं आपल्याला वावडं कधीच नव्हतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहायचं, की झालं. कळव्याहून सहा स्टेशनं पुढे, कल्याणात, १८६५ साली यमुना जन्मली. नवव्या वर्षी लग्न झालं आणि ती आनंदी झाली. त्याच नावाने ती अमेरिकेला गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाईही माहेरच्या यमुनाच. नावं दोन्ही सुंदर होती, जुनं आणि नवं. विचारलं मात्र कोणी नव्हतं.

हल्लीच्या रियांश-कियांशविषयी माझ्या वयाच्या माणसाने बोललंच पाहिजे असा दंडक आहे, म्हणून दोनच वाक्यं. आजीला यमाची भीती होती, आजच्या आईबापांना वर्गात त्याच नावाचा दुसरा निघेल ह्याची असते. आणि तिघांच्या नावाच्या वर्गात बसलेला मी त्यांना अजिबात हसणार नाही.

राहता राहिली माझी आई. तिने वडिलांचं नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं, 'अहो' आणि 'आमचे हे' यांवर संसार झाला. हळदीकुंकवाला बायका हटून बसल्या तरच उखाण्यात, आणि उखाण्यात राव आपोआप येतो. त्या एका क्षणापुरता महाराष्ट्रातला प्रत्येक नवरा राव असतो, मग तो कुठेही कामाला असो. मागच्या पावसाळ्यात वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. मी कामावर होतो, शेजारच्या मुलीने आईला आणि त्यांना रिक्षात घालून इस्पितळात नेलं. काउंटरवर विचारलं, "पेशंटचं नाव?" आई गप्प. मुलगी सांगायला गेली तर आईने तिला हाताने थांबवलं. मग पदर सारखा करून, समोरच्या काचेकडे न बघता ती म्हणाली, "धोंडूराव."

त्याने तेच टाइप केलं. आठ दिवस प्रत्येक कागदावर, गोळ्यांच्या पाकिटावर, पलंगाच्या पायथ्याशी लावलेल्या पाटीवर धोंडूराव. वडील बरे झाले, पण सोडायच्या दिवशी विम्याचं घोडं अडलं. आधारकार्डावर नुसतं धोंडू. नाव जुळत नाही, लेखी अर्ज द्या म्हणाले. मी तिथल्याच बाकावर बसून कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं: माझ्या वडिलांच्या नावातील 'राव' हा शब्द नजरचुकीने लागला असून तो वगळण्यात यावा, ही विनंती. वडील व्हीलचेअरवर शेजारीच होते. त्यांनी अर्ज वाचला, 'नजरचुकीने'वर बोट ठेवलं, क्षणभर आईकडे पाहिलं आणि कागद परत दिला.

मी खाली घाईत सही केली. खिडकीतल्या माणसाने कागद माझ्याकडे सरकवला.

"सही पूर्ण नावाने करा," तो म्हणाला. "मधलं नाव लिहायचं राहिलंय."